कोणाचं पटकन खरं मानलं आणि कोणाचं ऐकलंच नाही: संपादकीय नीतीविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मागच्या व्याख्यानात आपण 'मत' आणि 'ज्ञान' यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर एका तरुण मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हे सगळं वर्गात ठीक आहे. पण आम्ही चौघं मिळून एक छोटं नियतकालिक चालवतो. जाहिराती घेत नाही, कुठल्या पक्षाचे नाही. अंक छापायला जायच्या आदल्या रात्री एखादा स्फोटक मजकूर हातात येतो, तेव्हा काय करायचं?" मी म्हटलं, पुढच्या वेळी याच्यावरच बोलतो. म्हणून आजचा विषय: स्वतंत्र नियतकालिकाची संपादकीय नीती.

हा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा शत्रूंची यादी करतो. सरकारचा दबाव, मालकाचा दबाव, जाहिरातदाराचा दबाव. ते सगळं खरंच आहे, आणि त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला आज दुसरीकडे जायचं आहे. समजा हे तिन्ही दबाव नाहीत. पैसा स्वतःचा, छापखाना स्वतःचा, हेतू शुद्ध, माणसं विद्वान आणि निर्भय. तरी पत्र चुकू शकतं का? चुकतं, तर कुठे चुकतं?

असं एक पत्र आपल्याकडे होऊन गेलं. त्याचं नाव 'केसरी'. आज मी त्याच्या दोन गोष्टी सांगणार आहे. एक १८८२ ची, दुसरी १९२० ची. पहिली सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते ती आपण चुकीची लक्षात ठेवली आहे. दुसरी पुष्कळांना माहीत नसते, आणि ज्यांना असते ते ती पहिलीशी जोडून पाहत नाहीत. मला त्या दोन्ही एकाच दोषाच्या दोन बाजू वाटतात. कशा, ते सांगतो.

पहिली गोष्ट. जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' ही दोन पत्रं पुण्यात निघाली. 'केसरी' मराठी, त्याचे संपादक आगरकर. 'मराठा' इंग्रजी, त्याचे संपादक टिळक. विष्णुशास्त्री चिपळूणकर पाठीशी. टिळक आणि आगरकर दोघंही १८५६ च्या जुलैमधले, म्हणजे पंचविशीही पुरी झाली नव्हती. सरकारी नोकरी सहज मिळाली असती, ती दोघांनी नाकारली होती. स्वतंत्र पत्र म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

त्या सुमाराला कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांच्याविषयी वाईट बातम्या येत होत्या. महाराजांना वेडे ठरवलं आहे, त्यांना वाईट वागवलं जातं आहे, आणि यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी बोलवा होती. मग काही पत्रं बाहेर आली. बर्व्यांनी लिहिलेली म्हणून ती दाखवली जात होती, आणि ती खरी असती तर महाराजांविरुद्ध कट होता हे उघड झालं असतं. कोल्हापूरच्या गादीविषयी ज्यांना कळवळा होता, त्यांच्या वर्तुळात ती फिरत होती. दोन्ही पत्रांनी त्या आधारावर बर्व्यांवर कडक टीका छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रं बनावट असल्याचं दिसून आलं. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिने साध्या कैदेची शिक्षा झाली. काही दिवस सूट मिळून प्रत्यक्षात एकशे एक दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. खटला चालू असतानाच, मार्चमध्ये, चिपळूणकर वारले होते.

आगरकरांचं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आपल्या भाषेतलं तुरुंगावरचं हे फार आधीचं लेखन. त्या खोलीत दोन मित्र रात्री-अपरात्री मोठमोठ्याने वाद घालत, तो प्रसंग तर सगळ्यांना आठवतो. पण आता मला सांगा, शिक्षा कशाबद्दल झाली होती? मी हा प्रश्न माझ्या वर्गात अनेक वर्षं विचारत आलो. उत्तर यायचं, "इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून." फार तर, "कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली म्हणून." खोट्या कागदांवर विसंबून एका माणसावर आरोप छापला म्हणून, असं उत्तर फार क्वचित यायचं.

बघा, इथे आपलं काय झालं. संपादकीय चुकीची गोष्ट आपण त्यागाची गोष्ट करून टाकली. तुरुंगवास लक्षात ठेवला आणि तुरुंगवासाचं कारण विसरलो. त्या दोघांनी माफी मागितली, शिक्षा भोगली, म्हणजे त्यांनी त्यांचा हिशेब चुकता केला. आपण मात्र तो हिशेब पाहायलाच तयार नाही, कारण पुढे ती माणसं मोठी झाली.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणतातही, "पण सर, त्यांची शंका खरी निघालीच ना?" हा आक्षेप वजनदार आहे. चौथ्या शिवाजींचा शेवट फार वाईट झाला. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, नजरकैदेत, एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर ते गेले. विशीतला मुलगा. तेव्हा महाराजांचे हाल होत आहेत ही त्या तरुण संपादकांची मूळ भीती निराधार होती असं कोण म्हणेल?

इथे मी तत्त्वज्ञानाकडे वळतो. घाबरू नका, एकच उदाहरण आहे. विल्यम क्लिफर्ड नावाचा इंग्रज गणिती आणि तत्त्वचिंतक होता. तेहतिसाव्या वर्षी गेला. खटल्याच्या पाचच वर्षं आधी, १८७७ मध्ये, त्याने 'विश्वास ठेवण्याची नीती' या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं आहे, अनेकदा डागडुजी झालेली आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते, एकदा तपासून घ्यावं का? पण तपासणीला खर्च आहे. मग तो मनाला समजावतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, देव आहे. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरं, पण हातातल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता.

निबंधातलं खरं मोलाचं वळण पुढे आहे. तो म्हणतो, समजा जहाज बुडलं नाही. सुखरूप पोचलं. मग मालकाचा दोष कमी होतो का? अजिबात नाही. फक्त तो उघडा पडला नाही, एवढंच.

आता हे कोल्हापूरच्या पत्रांना लावून पाहा. निष्कर्ष सत्याच्या जवळपास होता म्हणून पुरावा खरा ठरत नाही. 'महाराजांचे हाल होत आहेत' हे एक विधान आहे. 'या माणसाने स्वतःच्या हाताने हे पत्र लिहिलं' हे अगदी वेगळं विधान आहे. पहिलं खरं असलं तरी दुसरं खोटं असू शकतं, आणि तुम्ही छापता तेव्हा दुसऱ्याची जबाबदारी तुमची असते. बर्वे चांगले कारभारी होते की वाईट, हा प्रश्नच इथे येत नाही. वाईट माणसाविरुद्धसुद्धा खोटा कागद चालत नाही. किंबहुना मी असं म्हणेन की ज्याला आपण वाईट समजतो, त्याच्याविरुद्धचा कागद दुप्पट तपासावा. कारण तो खरा असावा अशी आपलीच इच्छा असते.

मग त्या दोघांनी विश्वास का ठेवला? ते भोळे नव्हते. मिल, स्पेन्सर कोळून प्यायलेले लोक. आगरकर तर पुढे आयुष्यभर पुरावा मागत राहिले; धर्माकडे, रूढीकडे, शास्त्राकडे. मला वाटतं, उत्तर साधं आहे. कागद आपल्या माणसांकडून आला होता, आणि आपल्याला आधीच जे वाटत होतं तेच सांगत होता. अशा कागदाला आपण पाट मांडून बसवतो, त्याची चौकशी करत नाही.

आता दुसरी गोष्ट.

३१ जानेवारी १९२०. मुंबईहून 'मूकनायक' हे पाक्षिक निघतं. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केलेली असते. डॉ. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकर यांचं, पण पत्रामागचं मन आंबेडकरांचं. नवं पत्र निघालं की दुसऱ्या पत्रांत त्याची जाहिरात द्यायची ही तेव्हाची रीत. 'केसरी'कडे ती गेली. पैसे देतो, छापा, असं सांगून गेली. 'केसरी'ने ती छापली नाही. हे आंबेडकरांनी पुढे स्वतःच नमूद केलं आहे. टिळक त्या वेळी हयात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

इथे खोटा कागद नाही. कोणाची बदनामी नाही. कायद्याने बोट दाखवावं असं काही नाही. कुठली जाहिरात घ्यायची, कुठली नाही, हा पत्राचा हक्कच आहे. म्हणून या गोष्टीचा खटला झाला नाही, कोणी तुरुंगात गेलं नाही, कोणी पुस्तक लिहिलं नाही. छापलेल्या चुकीला दिनांक असतो, पान असतं, फिर्यादी असतो. न छापलेल्या मजकुराला यातलं काहीच नसतं.

'मूकनायक'च्या पहिल्या अंकात आंबेडकरांनी पत्रांविषयीच लिहिलं आहे. इतर पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, बाकीच्यांची पर्वा करत नाहीत, काही वेळा तर त्यांच्या विरुद्धही जातात, अशी त्यांची तक्रार होती. आणि तिथे त्यांनीही एक जहाज वापरलं आहे. एकाच आगबोटीत बसलेल्या उतारूने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडलं, तर आधी ना मग, त्यालाही सगळ्यांबरोबर बुडावं लागणार. समाज ही तशी बोट आहे. एका जातीचं नुकसान करून स्वतःच्या जातीचं हित साधणारं पत्र तो उतारू आहे.

क्लिफर्डचं जहाज आणि आंबेडकरांची बोट शेजारी ठेवा. क्लिफर्ड विचारतो, निघण्यापूर्वी तपासलंस का? आंबेडकर विचारतात, बोटीत आणखी कोण बसलं आहे ते तुला दिसतं का? संपादकाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. आपल्याकडे संपादकीय नीतीची चर्चा पहिल्या प्रश्नावर सुरू होते आणि तिथेच संपते. तपासा, खात्री करा, दुसरी बाजू घ्या. हे आवश्यकच आहे. पण तेवढंच केलं तर ज्यांचा मजकूर तुमच्या टेबलापर्यंत येतच नाही, त्यांचं काय?

क्लिफर्डला पुढे विल्यम जेम्सने उत्तर दिलं, १८९६ मध्ये. त्याचा मुद्दा असा की खोटं टाळणं आणि खरं मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला फक्त खोटं टाळायचं आहे त्याने काहीच मानू नये, तो कधी चुकणार नाही. पण त्याला काही कळणारही नाही. जेम्सने हे धर्मश्रद्धेच्या संदर्भात म्हटलं आणि तिथे मला ते पूर्ण पटत नाही. पण संपादकाच्या कामाला ते नेमकं लागू पडतं. १८८२ मध्ये 'केसरी' खोटं टाळण्यात चुकला. १९२० मध्ये खरं मिळवण्यात चुकला.

आणि दोन्हीकडे मूळ एकच आहे. विश्वास कोणाला किती द्यायचा, याचं वाटप संपादकाच्या ओळखीपाळखीवर झालं. आपल्या वर्तुळातून आला तो खोटा कागदसुद्धा आत आला. वर्तुळाबाहेरून आली ती रोख पैशांची जाहिरातसुद्धा बाहेर राहिली.

आपल्या न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं, पण कोणाच्या सांगण्यावरून? तर 'आप्ता'च्या. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो, आणि गंमत म्हणजे संपादकही तसंच समजतात! न्यायातला आप्त तो नव्हे. वात्स्यायनाने भाष्यात सांगितलं आहे की ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि तो लगेच पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. केवढं मोठं वाक्य आहे हे! ज्या समाजाने हे शास्त्रात लिहून ठेवलं, त्याच समाजात कोणाचा शब्द प्रमाण आणि कोणाचा नाही, हे जन्मावरून ठरत होतं. अस्पृश्यतेविषयी आप्त कोण? ज्याने ती भोगली तो. म्हणजे न्यायाच्या कसोटीने पाहिलं तर त्या विषयावर 'मूकनायक' हे पत्र 'केसरी'पेक्षा अधिक प्रमाण होतं. अलीकडे, २००७ मध्ये, मिरांडा फ्रिकर या बाईंनी ज्ञानविषयक अन्यायावर पुस्तक लिहिलं. सांगणाऱ्याच्या सामाजिक जागेमुळे त्याचा शब्द हलका धरणं हा अन्याय आहे, असं त्यांनी मांडलं. आमच्या मुलांना ते नवं वाटतं. मी त्यांना म्हणतो, वात्स्यायनाचं भाष्य उघडा आणि 'मूकनायक'चा पहिला अंक उघडा.

या दोन गोष्टींच्या मध्ये एक तिसरी छोटी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बर्वे खटल्यात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता. दहा हजारांचा. त्या काळचे दहा हजार. तो जामीन रामशेठ उरवणे यांनी दिला, आणि त्यांना तसं सांगणारे होते जोतीराव फुले. ज्या चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांची आणि त्यांच्या भाषेची टर उडवली होती, त्याच मंडळींच्या पत्राला फुल्यांनी हात दिला. पत्र चुकलं असेल, विरोधी मताचं असेल, पण त्याचा आवाज बंद पडू नये, एवढा विचार त्यामागे असावा. पुण्यातल्या त्या दोन वर्तुळांत विश्वासाची देवाणघेवाण एकाच बाजूने झाली, दुसऱ्या बाजूने झाली नाही. 'मूकनायक'ची जाहिरात परत गेली, तेव्हा त्या जामिनाची आठवण कचेरीत कोणाला तरी झाली असेल का, असं मला राहून राहून वाटतं.

आता मी इथे उभा राहून दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना गुण देतो आहे, हे सोपं काम आहे. म्हणून माझ्याच घरातलं सांगतो.

आम्ही काही प्राध्यापक मिळून एक त्रैमासिक चालवत होतो. नाव सांगत नाही, ते आता बंदही पडलं. वर्गणीवर चालायचं, जाहिरात घेत नव्हतो, आणि याचा आम्हाला फार अभिमान होता. एकदा एका जुन्या स्नेह्याने एका तालुक्याच्या गावातल्या शाळेविषयी लेख पाठवला. मुख्याध्यापक प्रवेशासाठी पैसे घेतात, असं त्यात होतं. स्नेही चळवळीतला, तुरुंगात जाऊन आलेला. त्याच्यावर शंका कशी घ्यायची? संपादनाचं काम त्या अंकापुरतं माझ्याकडे होतं. मी दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि लेख छापायला दिला.

महिनाभराने पोस्टकार्ड आलं. मुख्याध्यापकांचं. घेतलेले पैसे इमारत निधीचे होते, त्याच्या पावत्या होत्या, आणि ज्या शिक्षकाने आमच्या स्नेह्याला माहिती दिली त्याचं मुख्याध्यापकांशी बढतीवरून भांडण होतं. हे सगळं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. शेवटी फक्त एवढंच होतं, की छापण्याआधी मला एक कार्ड टाकलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं. पंधरा पैशांचं कार्ड, मंडळी. आम्ही चूकदुरुस्ती छापली. कुठे? पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली, चार ओळी. आरोप पान तीनवर होता, आठ पानं.

पुढे अनेक वर्षांनी ते त्रैमासिक बंद करताना मी जुन्या फायली चाळत होतो. परत पाठवलेल्या लेखांची एक वही होती. त्यात, त्याच वर्षातली, माझ्याच हस्ताक्षरातली एक नोंद सापडली. एका तरुणाने आपल्या वस्तीतल्या शाळेविषयी लिहिलं होतं. सफाई कामगारांची वस्ती. मुलांना वर्गात कुठे बसवतात, पाणी कोण देतं, अशा गोष्टी त्यात होत्या, असं पुसटसं आठवतं. शेरा होता, 'अनुभव चांगला, भाषा अशुद्ध, पुराव्याअभावी परत.' पुराव्याअभावी! माझ्या मित्राकडे मी पुरावा मागितला नाही आणि या मुलाकडे मागितला. दोन्ही लेख शाळेविषयीच. एका वर्षात, एकाच टेबलावर. तो मुलगा पुन्हा कधी लिहिता झाला का, मला माहीत नाही. तेव्हा मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्रमाणशास्त्रच शिकवत होतो.

म्हणून मी म्हणतो की आपण स्वतंत्र आहोत असं म्हणताना 'कोणापासून' हा प्रश्न विचारावा. सरकारपासून, शेठपासून, जाहिरातदारापासून स्वतंत्र होणं कठीण आहे, पण ते कळतं तरी. आपल्याच मित्रमंडळापासून स्वतंत्र होणं त्याहून कठीण, कारण तिथे दबाव जाणवतच नाही. तो प्रेमाच्या रूपाने येतो. आगरकरांना तेही साधलं, हे त्यांचं मोठेपण. सामाजिक सुधारणेवरचं आपलं मत 'केसरी'त मोकळेपणी मांडता येत नाही असं दिसल्यावर १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी दसऱ्याला 'सुधारक' काढला. आणि किंमतही दिली. जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली.

आता त्या तरुण मित्राचा प्रश्न: आदल्या रात्री काय करायचं? माझ्या चुकांतून शिकलेलं सांगतो.

पहिलं, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारा. छापल्यानंतर नाही, आधी. आणि विचारायचं म्हणजे रात्री अकराला फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहायचं, असं नव्हे. उत्तराला वेळ मिळेल असं विचारा. वेळ नसेल तर मजकूर पुढच्या अंकात जाऊ दे. पुढारी पळून जाणार असेल, धरण फुटणार असेल, तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा धरण फुटत नसतं, आपल्यालाच घाई असते.

कायद्याचंही एक लक्षात ठेवा. भारतीय दंडविधानाच्या ४९९ व्या कलमात अब्रुनुकसानीला जो पहिला अपवाद होता, आणि नव्या संहितेतही जो कायम आहे, त्यात नुसतं सत्य पुरत नाही. विधान खरं हवं आणि ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं हवं. दोन्ही. मला ही अट कायदा म्हणून थोडी जाचक वाटते, पण संपादकाने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणून ती उत्तम आहे.

दुसरं, चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करा. त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे, काय चुकलं ते स्पष्ट सांगून. 'अनवधानाने', 'भावना दुखावल्या असल्यास' हे शब्द दुरुस्तीत येऊ देऊ नका. आता पडद्यावर वाचायचे दिवस आहेत, तर आणखी एक पळवाट निघाली आहे. मजकूर गुपचूप बदलायचा. वाचकाला वाटतं, चूक कधी झालीच नव्हती. हे मला छापील चुकीहून वाईट वाटतं. छापील अंक निदान साक्षीला राहतो.

तिसरं, नाकारलेल्याची वही ठेवा. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. वर्षातून एकदा ती उघडून बसा. कोण परत गेलं? कोणत्या गावचे, कोणत्या आडनावांचे, बायका किती, आणि परत पाठवायचं कारण काय लिहिलं? 'भाषा' हे कारण किती वेळा आलं? भाषा सुधारणं हे लेखकाचं नाही, संपादकाचं काम आहे; त्यासाठीच त्याला त्या खुर्चीत बसवलेलं असतं. आणि मग छापलेल्यांची यादी शेजारी ठेवा. ज्याच्याकडे आपण पुरावा मागितला नाही, त्यांत किती जण आपल्याबरोबर चहा घेणारे आहेत, हे पाहा.

एवढं बोलून थांबतो. दोन प्रश्न घेऊ या.

प्रश्न: सर, इतकी काळजी घेतली तर छोट्या पत्राने काही छापूच नये असं होईल. ज्यांच्याकडे सत्ता आहे ते तर खटल्याची भीती घालतातच.

उत्तर: खरं आहे, आणि हा धोका मी लहान मानत नाही. पण पाहा, खटल्याची भीती खोट्या मजकुराला जेवढी असते तेवढीच खऱ्याला असते. फरक एवढाच, की कागद तपासलेला असेल तर तुम्ही उभे राहू शकता. टिळक-आगरकर तेव्हा उभे राहू शकले नाहीत, माफी मागावी लागली, ती त्यांच्यात धैर्य कमी होतं म्हणून नव्हे. पुढे टिळकांनी राजद्रोहाच्या दोन खटल्यांत शिक्षा झाली तरी माफी मागितली नाही. त्या वेळी त्यांच्या पायाखाली स्वतःचं मत होतं, दुसऱ्याचा बनावट कागद नव्हता. छोट्या पत्राकडे पैसा नसतो, वकील नसतो. त्याच्याकडे असतो तो कागदच. म्हणून तपासणी ही त्याच्यासाठी चैन नाही.

प्रश्न: १९२० च्या लोकांना आजच्या मापाने मोजणं योग्य आहे का? त्या काळी सगळेच तसे वागत.

उत्तर: सगळे? मग 'मूकनायक' काढणारे कुठल्या काळचे होते? त्याला पैसे देणारे शाहू महाराज कुठल्या काळचे? चाळीस वर्षं आधी जामिनाची व्यवस्था करणारे फुले कुठल्या काळचे? माप त्या काळातच होतं. ते कोणाच्या हातात होतं, एवढाच प्रश्न आहे. मी टिळकांना लहान करायला इथे आलो नाही. त्यांनी आणि आगरकरांनी जे पत्र उभं केलं, त्याच्याशिवाय मराठीत पत्रकारितेवर बोलायलाच आपल्याकडे काही नसतं. पण ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांच्या चुकाही नीट वाचाव्या लागतात. नाहीतर आपण फक्त जयंत्या करतो.

आणि तुम्ही कोणी नियतकालिक चालवत असाल, तर उद्या एक काम करा. ती परत पाठवलेल्या लेखांची वही, किंवा तुमच्या ईमेलमधला तो कोपरा, उघडा. एखाद्याला पुन्हा लिहा. म्हणा, उशीर झाला, लेख अजून आहे का? मला ते जमलं नाही. त्या वहीत त्या मुलाचा पत्ताच लिहिलेला नव्हता.